वातीच्या तेलाची बोटं

आज दुपारी मामंजींनी व्हायोलिन धरून गज ओढला, तर सूर उमटेचना. गज तारेवरून नुसता घसरत होता, ओल्या फरशीवरून पाय घसरावा तसा. त्यांनी गजाच्या केसांना पुन्हा राळ घासली. पुन्हा तेच.

चार वाजता त्यांना वाजवून दाखवायचं होतं. ज्या वाद्यवृंदात एकतीस वर्षं काढली, तिथले नवे संचालक साठीपुढच्या प्रत्येकाला एकेकटं ऐकणार होते. पसंत पडलं तर राहायचं, नाही तर घरी बसायचं.

"हात गेला माझा," मामंजी म्हणाले. "फोन करून कळवतो, येत नाही म्हणून."

हा माणूस एक वेळ जेवायला विसरेल, पण वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल करायला नाही. केस ताणलेले राहिले तर काठीचा बाक जातो ना! सासूबाई म्हणतात, "मला कधी इतकं जपलं नाही." केसांना तर ते स्वतःही बोट लावत नाहीत.

आणि सकाळी मी लावलं होतं. देवापुढे दिवा लावून वळले, तर व्हायोलिनची पेटी उघडी दिसली. आज यांचं नीट होऊ दे रे देवा, म्हणत गजावर मनोभावे बोटं टेकवली. वातीच्या तेलाची बोटं!

मामंजींनी फोन उचलला. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते जन्मभर आपल्या हातालाच दोष देत बसले असते.

"मामंजी, हात नाही गेला तुमचा. माझ्या बोटांचं तेल लागलंय त्याला."

त्यांनी फोन खाली ठेवला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"किती वाजले?" मामंजींनी विचारलं.

"तीनला दहा कमी."

"जखमेचं स्पिरिट आण. आणि कोरं फडकं."

मला वाटलं, तेच पुसतील. पण त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं. "तूच पूस. लाकडाला थेंब लागला तर पॉलिश गेलंच समज."

सासूबाईंनी केस आणि काठी यांच्यामध्ये कागद धरला. मी श्वास रोखून पुसत गेले. फडकं पिवळट झालं. केस वाळेपर्यंत तिघंही घड्याळाकडे बघत होतो. मग राळ, आणि मग गज तारेवर टेकला. सूर लागला.

"नमस्कार देवाला करावा, तोही हात धुऊन," एवढंच बोलून ते निघाले.

सातला परतले. विचारायचा धीर होईना. त्यांनी पेटी उघडून माझ्यापुढे ठेवली.

"स्क्रू सैल कर."

मी हात धुऊन आले आणि जपून फिरवला.

"अजून एक फेरा. उद्या दहाला तालीम आहे."

देवा, तुझी कृपा.