रियाकाकूंचं नाक

रियाकाकू चीज तोंडात घालण्याआधी डोळे मिटून ते नाकाशी धरायच्या, आणि तेवढा वेळ कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "आधी नाक, मग जीभ," असं बजावायच्या. नावावरून पुण्याच्या वाटतील, पण बाई अस्सल डच. फोरबर्गमधल्या आमच्या सत्तरीच्या शेजारीण. नुसतं रिया म्हणणं माझ्याच्यानं होईना, म्हणून काकू. लायडनकडचं जिरं घातलेलं चीज म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि त्याच्या स्पर्धेत त्या परीक्षक. पोकळ सळई खुपसून चीजची कांडी काढायची, हुंगायची, आतलं टोक चाखायचं आणि सालीकडच्या तुकड्यानं भोक बुजवायचं.

पहिल्यांदा त्यांनी बेल वाजवली तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. वासाची तक्रार असणार, असं धरूनच मी दार उघडलं. तर बाई विचारतायत, हे जिरंच ना, मग आमच्या चीजमध्ये असं का लागत नाही? मी म्हटलं, तेलात तडतडलं की खमंग होतं. शब्द त्यांना भलताच आवडला. डच घशातून तो 'ख' असा खरवडून निघायचा की माझी हसून पुरेवाट. मग मनासारखं चीज मिळालं की कुंपणावरून ओरडून सांगायच्या, खमंग!

मग त्यांना कोविड झाला. बऱ्या झाल्या, पण वास गेला तो गेलाच. स्पर्धा तेव्हा बंद होत्या. त्या सुरू व्हायच्या आत नाक परत यायला हवं, हा एकच ध्यास. डॉक्टरांनी ओळखीचे वास रोज घ्यायला सांगितले होते. म्हणून मी खिडकी उघडून फोडणी करायची, त्यांनी कुंपणापलीकडे दीड मीटर राखून उभं राहायचं. खोल श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "नोख नीट." म्हणजे अजून नाही. चीज मग मीच चाखायचे, आणि त्या खोदून खोदून विचारायच्या, जिरं आधी लागलं की मागाहून? मला मेलीला काय कळतंय!

अखेर त्यांच्या लेकीनं त्यांना आपल्या गावी, लांब एनस्खेडेला न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी त्या कुंपणाशी आल्या. मी तेल तापवलं, डबा उघडला, तर जिरं संपलेलं. तेच सांगायला खिडकीशी गेले, तोवर त्यांनी डोळे मिटले होते.

"खमंग," त्या हसून म्हणाल्या.

"आलं ना नाक परत?" मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, लांबूनच हात हलवला आणि गाडीत बसल्या.

पुढच्या वसंतात त्या गेल्या. लेकीनं फोनवर सांगितलं, वास शेवटपर्यंत आला नाही. फार आठवण येते. फोडणी करताना खिडकी मी अजून उघडते. पलीकडून कुणी खरंखरं "नोख नीट" म्हणालं, तरी मला पुरे आहे.