मुल्ला मॅडमच्या हॉलमधले इंटरव्ह्यू

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. सांगलीत हळदीच्या पेठेतनं नुसती चक्कर मारली तरी शर्टाला वास लागतो ना, तसे ते अंगाला लागतात. मला तर लागून लागून पाच वर्षं झाली, मुल्ला मॅडमच्या हॉलमध्ये!

मॅडम बँकेतून रिटायर झालेल्या. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं माणसं निवडण्यातच गेली. आता दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या घरी मॉक इंटरव्ह्यू असतो. फी नाही. सांगलीची, साताऱ्याची, पार मेढ्याकडची पोरंपोरी एसटीनं येतात. मीही त्यातलाच. आता नोकरीला लागलोय, तरी रविवारी मॅडमशेजारी पॅनेलवर बसतो.

*

माझा पहिला दिवस. आठ दिवस गच्चीवर येरझाऱ्या घालून सगळी उत्तरं पाठ केलेली. खुर्चीत बसलो तर मॅडमनी विचारलं, "जाधव, सकाळी काय खाऊन आलास?"

मी ताठ बसून एका दमात, "मायसेल्फ संतोष जाधव! आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड पंक्च्युअल!"

"म्हणजे उपाशीच आलास," मॅडम म्हणाल्या आणि आतून पोहे मागवले.

खाता खाता गप्पा सुरू झाल्या. गाव कुठलं, कॉलेजात काय जमलं, काय जमलं नाही. प्लेट रिकामी झाली तशा म्हणाल्या, "झाला तुझा इंटरव्ह्यू. कंपनीत जाऊन असंच बोल. पोहे मात्र ते देणार नाहीत!"

*

मेढ्याचा सागर आला. बायोडेटात हॉबी तीन: रीडिंग, ट्रॅव्हलिंग, म्युझिक.

"शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस?" मॅडमनी विचारलं.

सागरनं मान खाली घातली. "मॅडम, खरं सांगू? ह्यो बायोडेटा झेरॉक्सवाल्याचा हाय. त्यात माझं फकस्त नाव हाय!"

सगळा हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग तुझं काय आहे ते सांग."

"मोटारी दुरुस्त करतो. विहिरीवरच्या. गावात कुणाची बी बंद पडली की मलाच बोलावत्यात."

मॅडमनी स्वतःच्या पेनानं तिन्ही हॉबी खोडल्या आणि तिथं 'मोटार दुरुस्ती' लिहिलं. पुढं साताऱ्याच्या एका कारखान्यात त्याचा इंटरव्ह्यू झाला. बाहेर पडल्या पडल्या त्याचा मला फोन.

"कसा झाला रं?"

"गड्या, पाऊण तास आत हुतो. धा मिनिटं माझा इंटरव्ह्यू झाला. मग सायबाच्या सासऱ्याची बोअरची मोटार सारखी का जळती, त्येचा झाला!"

पंधरा दिवसांत लेटर आलं.

*

कोयनानगरच्या वैशालीचा इंटरव्ह्यू पुण्याच्या कंपनीत, पण घरातूनच, लॅपटॉपवर. मॅडमनी तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवलेली. समोरच्याचं पूर्ण ऐकायचं, मगच बोलायचं.

इंटरव्ह्यू रंगात आला आणि पुण्याच्या तिघांना वैशाली हलताना दिसायला लागली. मागं फळीवरची भांडी वाजली. तिकडं गोंधळ! "अहो, काय होतंय? बाहेर पळा!"

"सर, भूकंपाचा धक्का आहे. बारका आहे," वैशाली म्हणाली. जरा थांबून तिनं भांड्यांचा कानोसा घेतला. "गेला. सर, तुमचा प्रश्न अर्धा राहिला होता."

तिकडून एक साहेब म्हणाले, "प्रेशरखाली तुम्ही कसं काम करता, असं विचारणार होतो. राहू दे!"

*

आता शबानाचं सांगतो. सांगलीचीच पोरगी, वडील शिलाईकाम करणारे. बी.कॉम. झाली आणि आईला अर्धांगवायू झाला. चार वर्षं ही घरात, आईपाशी. आई हिंडूफिरू लागल्यावर नोकरी शोधायला लागली, तर जाईल तिथं एकच प्रश्न, "चार वर्षं काय केलंत?" दोन ठिकाणी ततपप झालं. तिसऱ्या ठिकाणी कोर्स केला म्हणून खोटं सांगितलं आणि पकडली गेली.

रविवारी येऊन रडली. "मॅडम, बास. मी आता नाही जात कुठं."

"चार वर्षं आईला उठवलंस, बसवलंस, चालायला लावलंस. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला दाखव. मग नको जाऊस."

तिला दाखवता येईना. मग सलग तीन रविवार मॅडमनी तिला तोच प्रश्न विचारला. आवाज कापायचा थांबेपर्यंत!

पुढं एका हॉस्पिटलच्या ऑफिसात एक जागा निघाली. ती शबानाला लागली हे आत्ताच सांगून टाकतो, कारण किस्सा तो नाही. मी तिला गाडीवरनं सोडायला गेलो होतो. ती आत गेली आणि मिनिटभरात आतून कोण बाहेर यावं? मुल्ला मॅडम! हॉस्पिटलनं त्यांनाच पॅनेलवर बोलावलं होतं.

"मॅडम, तुम्ही बाहेर कशा?"

"माझी विद्यार्थिनी आहे म्हणून सांगितलं आणि उठले. आजच्या पॅनेलवर आता मी नाही," म्हणत त्या बाकावर टेकल्या.

बाकावर शेवटच्या नंबरची एक तासगावची पोरगी बसली होती. हातातली फाईल सारखी उघडत होती, मिटत होती. मॅडमनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग सरकून तिच्याजवळ गेल्या. "आधी पाणी पी. कसली भीती वाटते?"

"बाळ झालं म्हणून दोन वर्षं घरी हुते. त्येच विचारतील."

मॅडमनी तिथंच तिची तयारी सुरू केली! तेवढ्यात दार उघडून शबाना बाहेर आली. समोरचा प्रकार बघितला. मग त्या पोरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

"विचारतातच गं. मलाही विचारलं. खरं ते सांग. आवाज कापला तर कापू दे, थांबू नको."

आतून नाव पुकारलं. पोरगी उठली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"ताई, तुमी कुठल्या जागेसाठी आलाय?"

शबाना म्हणाली, "तुझ्याच."