बाईंच्या पायांचं माप

धारवाडच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मला बाकं दुरुस्त करायचं काम मिळालं ते एका चेक बाईंच्या शब्दावर. मी सावंतवाडीकडचा सुतार, मराठी तिसरीतून शाळा सोडलेला. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात हंगामी लागलो आणि लढाई संपताच सुटलो. रोज धाकधूक, आता गावी परतावं लागणार, आणि गावात काम तरी कुठलं? बाई शाळेत गाणं शिकवत. मी एक खिडकी बसवत होतो ती त्यांनी उभ्या राहून पाहिली आणि हेडबाईंना म्हणाल्या, "ह्याला ठेवा." माझी चूल त्या दोन शब्दांवर पेटली.

बाई त्यांच्या मुलखात ऑर्गन वाजवत. नाटक कंपन्यांत असतो तो नव्हे. त्यांचा म्हणजे चर्चच्या भिंतीएवढा, शेकडो नळ्यांचा. हातांच्या पट्ट्या वेगळ्या, पायांच्या वेगळ्या. वडील गावच्या चर्चमध्ये वाजवत, त्यांच्याकडे सुरुवात झाली. मग प्रागला शिक्षण, मग शहरोशहरी जलसे, हाताखाली शिष्य. नवऱ्याला हिंदुस्थानात बुटांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आल्या. तिकडे लढाई पेटली, इकडे नवरा विषमज्वरानं गेला. शाळेत होती एक पायपेटी. तिच्यात पायांनी नुसता वारा भरायचा. सहा-सात वर्षं बाईंच्या पायांनी सूर म्हणून धरला नव्हता.

एक दिवस मुंबईच्या एका चर्चचं पत्र आलं. त्यांचा वाजवणारा विलायतेला परत निघाला होता. बाईंनी सहा आठवड्यांनी येऊन वाजवून दाखवावं. हात तयार होते. पायांचं काय?

"मिस्त्री, मला पायांच्या पट्ट्या कर," बाई म्हणाल्या. त्यांचं मराठी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या अक्कांकडून उचललेलं, अर्धं कानडी. "आवाज नको. सरावाला लाकूड पुरे."

"माप, बाई?"

"आकडे आठवत नाहीत. पायांना आठवतं." त्यांनी ट्रंकेतून पातळ तळव्यांचे काळे बूट काढले, घातले, बाकावर बसल्या, डोळे मिटले आणि पाय एकेका जागी टेकवत गेल्या. "इथं. इथं. खडूनं खूण कर."

आता परक्या बाईमाणसाच्या पायाशी वाकायचं, बुटाभोवती खडू फिरवायचा! माझे कान तापले. चार हात लांब उभा राहून मी दाराकडे बघतच "हो, हो" म्हटलं. ज्या खुणा केल्या त्या अंदाजानं, त्या उठून गेल्यावर.

जुन्या बाकांचं सागवान होतं. दहा दिवस रोज काम सुटल्यावर खपलो. बाई बसल्या आणि पहिलाच पाय दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला. दुसऱ्यांदा दोन्ही एकदम दबल्या. त्यांनी पुन्हा डोळे मिटून बघितलं, तेच. चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पाय विसरले.

मी म्हणालो, "लाकूड आक्रसलं असेल, बाई."

स्वयंपाकाच्या अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. "लाकडाला काय झालं नाही. ह्याची मान आखडलीय. त्या दिवशी बघत होता का तो? दाराकडं तोंड करून उभा होता, नवरीसारखा."

मग मात्र खरं सांगावंच लागलं. चूक माझी होती आणि बाई स्वतःला दोष देत बसल्या होत्या. नोकरी गेली असं धरून मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकलं, आणि मला नवल वाटलं, त्यांचा श्वास मोकळा झाला.

"म्हणजे पाय बरोबर?"

"पाय बरोबर, बाई. सुतार चुकला."

"येनप्पा, अरे बाबा," अक्का म्हणाल्या, "दिसेल त्याच्या पाया पडतोस, आणि माप घ्यायला लाजतोस. वाक की."

वाकलो. गुडघे टेकून एकेका बुटाभोवती खडू फिरवला, टाच वेगळी, चवडा वेगळा. मग काटकोनाचा गुण्या लावून रेघा मारल्या. पुन्हा पटाशी, पुन्हा रंधा. हाती तीन आठवडे राहिले होते. नव्या पट्ट्यांवर बाई रोज शाळा सुटल्यावर बसत. वारा भरायला पाय मोकळे नाहीत म्हणून वर पायपेटीही मुकी, खाली नुसती लाकडाची टकटक. मुली खिडकीतून डोकावून हसत. बाई मात्र काहीतरी ऐकत असत.

मुंबईहून त्या आल्या त्या दिवशी मी फाटकाशीच होतो.

"उजवीकडची तिसरी पट्टी तुझी जड आहे," त्या म्हणाल्या. "तिथली हलकी. पाय दचकला."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? घेतलं मला. सोमवारी जाते. पट्ट्या बांधून दे. चर्च रोज एकच तास उघडं मिळणार, बाकीचा सराव घरी."

माझ्यासाठी शब्द टाकणारं माणूस जाणार होतं, तरी त्या दिवशी मला भीती वाटली नाही. शाळेनं पुढं मला कायम केलं, तेही त्या जाता जाता सांगून गेल्या म्हणूनच. पेंढा आणून पट्ट्या बांधायला घेतल्या. ती तिसरी जरा हलकी करून द्यावी म्हणून रंधा उचलला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, जडच बरी. त्या पायाला आळस आहे."