वन्संनी खुडलेली शेवंती

माझ्या थोरल्या नणंदेच्या उजव्या अंगठ्याचं नख बारा महिने हिरवट-काळं असायचं. साबणानं जायचं नाही, लिंबानं जायचं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काजं केली. पांढऱ्या शर्टावर डाग नको म्हणून ते नख रोज सकाळी चिकटपट्टीनं झाकून जायच्या. पण बागेत कात्री कधी वापरली नाही. "कात्री चावते," म्हणायच्या, "नख खुडतं."

घरात त्यांचं नाव मोजपट्टी. हे नाव आमच्या ह्यांनी लहानपणीच ठेवलेलं. दोन रोपांमधलं अंतर वीत म्हणजे वीत, पाणी तांब्या म्हणजे तांब्या, आणि भाजी चिरली तरी एकेक फोड दुसरीची जुळी बहीण.

सासूबाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं वन्संनीच केलं. स्थळं येत होती, ती त्या अकरा वर्षांत यायची थांबली. सासूबाईंना पलंगावरून काहीतरी दिसावं म्हणून खिडकीखाली शेवंतीची चार रोपं लावली. तिथून बाग घराला वळसा घालत गेली. मागं डेलिया, फाटकाशी गुलाब, कुंपणाला जाई, आणि पुढं सगळी शेवंती. पिवळी, पांढरी, आणि एक विटकरी, जिचं रोप त्यांनी कारखान्याच्या फोरमनबाईकडून मागून आणलं होतं. घर तीनच खोल्यांचं, पण बहरात रस्त्यावरून येणारा माणूस चार पावलं हळू चालायचा.

घर मात्र सासऱ्यांनी मुलाच्या नावावर केलं. "तिला वेगळं कशाला? ती कुठं जाणार आहे? राहीलच की इथं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. वन्सं म्हणाल्या, "बरोबर आहे बाबा." आणि बाहेर जाऊन पाणी घालू लागल्या.

यंदा ह्यांनी घर विकायचं ठरवलं. मुलानं दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर जागा घेतली होती, आम्ही दोघांनी तिकडं यावं म्हणून त्याचा घोशा. गिऱ्हाईकही आपणहून आलं. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. गेल्या बहरात डॉक्टरीणबाई कुंपणापाशी थांबून गेल्या होत्या. आता निरोप आला, "फुलं लागली की बघायला येतो, पंधरा दिवसांनी."

जेवताना हे म्हणाले, "ताई, यंदा बाग जरा जोरात होऊ दे. भिंतींचे पोपडे निघालेत, तेवढेच झाकले जातील."

वन्संनी घास खाली ठेवला. "म्हणजे मीच नटवून द्यायचं?"

"तसं नाही गं. तूही चल की आमच्याबरोबर."

"नवव्या मजल्यावर मी काय करू? ढग खुडू?"

"तू झाडांशी बोलतेस आणि आम्हाला टोमणे मारतेस."

"झाडं उलट बोलत नाहीत." मग माझ्याकडे बघून हसल्या. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि घ्यायला बघ, दातांचाच डॉक्टर."

आम्ही सगळे हसलो. हसण्यावर नेलं की विषय संपतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. "वन्सं आल्याशिवाय मी येणार नाही," असं एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं असतं. मी ताक वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर वन्सं शेवंतीत उकिडव्या बसलेल्या. शेजारी सूप. सुपात वाटाण्याएवढ्या कळ्या, घट्ट, हिरव्या, काहींना नुकती पिवळी कड आलेली. अर्ध्याहून अधिक वाफा बोडका झाला होता.

"वन्सं!"

"ओरडू नकोस." मान वर केली नाही. "बोडकी बाग बघून ती बाई परत जाईल. तिला घर नको आहे, फुलं हवीत. आणि घर पोपड्यांसकट कोण घेतंय?"

"ह्यांना काय सांगू?"

"कीड पडली म्हण. खोटं थोडंच आहे? पडलीच आहे."

मी खाली बसले. त्यांचा हात बघत राहिले. कुठं ओरबाडलं नव्हतं, फांदी मोडली नव्हती. प्रत्येक कळी पानाच्या बरोबर वर, एकाच उंचीवर, नखानं अलगद खुडलेली. बाग उजाड करायला बसलेली बाई काजं करावीत तशी निगुतीनं करत होती.

ह्यांना मी सांगितलं, कीड पडली. ह्यांचं तोंड उतरलं. वन्सं त्या आठवड्यात दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पण पंधराव्या दिवशी निरोप आला की डॉक्टरीणबाईंची कंबर धरली आहे, महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही. येऊ, पण पुढच्या महिन्यात.

मी आनंदानं सांगायला गेले, "वन्सं, पुढं ढकललं!"  त्या माझा हात धरून वाफ्याकडे घेऊन गेल्या. जिथं जिथं कळी खुडली होती, तिथं पानांच्या बगलेतून धुमारे फुटले होते. एकेका खुडीला तीन.

"शेवंती अशीच असते," त्या म्हणाल्या. "मधलं खुडलं की बाजूनं फुटते. बहर लांबतो, पण भरतो. मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं पंधरा दिवसांत निभावेल. पुढं आपण आपली फुलं बघू."

"मग पुन्हा खुडा."

"हो. खुडायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच वाफ्यात गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बसल्या, एक शेंडा दोन बोटांत धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग उठल्या, मागच्या पडवीतून काठ्या आणल्या आणि पुढं जड होतील त्या फांद्यांना एकेक काठी लावून सुतळीनं बांधू लागल्या. दुपारपर्यंत पुढचा अख्खा वाफा बांधून झाला.

"वन्सं, अहो, काय केलंत हे?"

"फांद्या मोडतील नाहीतर. एवढं ओझं पेलायचं नाही त्यांना." नंतर हात धुताना म्हणाल्या, "एकदा केलं. दुसऱ्यांदा हात वळत नाही गं. वळवून बघितला."

डॉक्टर नवराबायको आली त्या दिवशी घराच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, इतकी फुलं. सव्वीस वर्षांत असा बहर मी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी आत जाऊन भिंतीवर बोटानं टकटक केली, दाढ तपासावी तशी. डॉक्टरीणबाई आत आल्याच नाहीत. कंबरेला पट्टा बांधलेल्या त्या फाटकातच उभ्या. "गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट आहेत ना?"

"आमच्या ताईच्या हाताला गुण आहे," हे म्हणाले. "दुप्पट सहज असतील."

"तिप्पट," वन्सं म्हणाल्या. मोजपट्टीला चुकीचं माप सहन होत नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि वन्संनी सगळं सांगितलं. खुडणी कधी सुरू करायची, कधी थांबवायची, विटकरीला पाणी कमी का. हातचं काही राखलं नाही. बाईंच्या अंगठ्याचं नख बघून म्हणाल्या, "थोडं वाढवा." व्यवहार त्याच आठवड्यात झाला.

आम्ही नवव्या मजल्यावर गेलो, वन्सं आता जुन्याच शहरात बायकांच्या वसतिगृहात राहतात. खोली स्वच्छ आहे. खिडकी आहे, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा विटकरी शेवंतीचं रोप कुंडीत घालून नेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवूसुद्धा दिलं नाही.

"इथं ऊन येत नाही. मरायला कशाला आणलंस?"

परवा पुन्हा गेले. येताना वाटेत जुन्या घरावरून गेले होते. पुढच्या वाफ्यावर सिमेंट घातलंय. दवाखाना घरातच काढला आहे, पेशंटच्या गाड्यांना जागा हवी. फाटकाचे गुलाब आहेत अजून.

वन्संनी चहा दिला. इकडचं तिकडचं झालं, मुलाचं झालं, ह्यांच्या गुडघ्यांचं झालं. मग कप विसळता विसळता, पाठ माझ्याकडे ठेवून त्यांनी विचारलं, "त्या बाईनं खुडणी वेळेवर केली असेल ना गं?"

"केली," मी म्हटलं. "मी बघितलं ना. धुमारे फुटलेत."

"किती?"

"तीन-तीन."

त्यांनी मान हलवली. हात पुसायला फडकं घेतलं, तेव्हा मला त्यांचा अंगठा दिसला. नख बोटाबरोबर कापलेलं होतं, आणि पांढरं स्वच्छ.