बसू द्या, मंग

पंपघरावर चहा आला की ते ग्लासावर तळहात आडवा धरायचे. गाळणी नसायची, पत्ती वर तरंगत असायची. “बसू द्या, मंग,” म्हणायचे. पत्ती तळाशी गेल्याशिवाय स्वतः घोट घेत नसत आणि समोरच्यालाही घेऊ देत नसत.

त्यांच्याविषयी बोलायचं मी आजवर टाळलं. विषय निघालाच तर चहापाशीच थांबायचो. आता वय झालं, पुढचंही सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ते मेडशी गावचे. वाशीमजवळच्या पंपघरावर रोजंदारीवर ऑपरेटर होते आणि कायम होण्यासाठी त्यांचं नाव वर गेलं होतं. मी नागपूरच्या कॉलेजातून आलेला तरुण इंजिनीअर. विहिरीतलं पाणी मोजून पंप आपोआप चालवणारं एक छोटं यंत्र आम्ही तिथे प्रयोग म्हणून बसवलं होतं. त्याचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, मी स्वतः तयार केला होता. तो यंत्राचा वेळ वाचवायचा, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. रिसोडच्या स्टँडवर लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, तेव्हा हे पिशवी घेऊन लांब उभे. “काहून थांबले?” विचारलं तर म्हणत, “गर्दी बसू द्या, मंग.” तोवर एसटी निघून जायची. त्यांची बायको म्हणायची, “सोताच्या लग्नातबी सगळ्यात मागून आले हे.” त्यावर ते नुसते हसत.

यंत्र त्यांना आवडलं होतं. सकाळी आल्यावर ते त्याच्यावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्याने पुसत. त्यात दोन कामं एकाच वेळी चालत. पहिलं काम यंत्र सुरू होताच पाणी मोजून आकडा लिहून ठेवी, पातळीचा काटा त्यावर आणी आणि मग तयारीचा हिरवा दिवा लावी. दुसरं काम दिवा लागलेला पाहून तो आकडा उचली आणि पाणी पुरेसं असेल तर पंप सुरू करी. यंत्राला हात लावायचा नाही, असं मी त्यांना बजावलं होतं.

एका दुपारी लाइट क्षणभर गेली आणि आली. सकाळी भरलेली विहीर तोवर उपसली गेली होती. तरी काटा ‘भरलेली’ वर असतानाच दिवा लागला आणि पंप कोरडाच सुरू झाला. जळका वास आला तेव्हा त्यांनी मुख्य खटका ओढला. मोटर जळाली, पण पंपघर वाचलं.

“सायेब, दिवा पैले लागला,” ते मला म्हणाले. “काटा सकाळच्याच जाग्यावर होता. मी खटका ओढला नसता त आग लागली असती.”

“दिवा आधी लागूच शकत नाही,” मी म्हणालो. “मी तसं लिहिलेलंच नाही.”

“तुमी लिहेलं मले वाचता येत नाही. पायलेलं सांगून राह्यलो.”

वरून विचारणा झाली. मी लिहून दिलं: ऑपरेटरने घाईने खटका ओढला, त्यामुळे मोटर जळाली. घाईने. त्या माणसाने.

त्यांचं नाव मागे पडलं. ते मेडशीला परत गेले आणि दुसऱ्याच्या शेतात तुरी सोंगायला जाऊ लागले.

पुढे काही महिन्यांनी नागपुरात मी दुभाष्याने केलेलं भाषांतर ओळ न् ओळ वाचलं. वेळ वाचवण्यासाठी त्याने दोन पायऱ्यांची अदलाबदल केली होती. दिवा आधी, आकडा मागून. मधली फट जेमतेम पापणी लवण्याएवढी. तेवढ्यात दुसऱ्या कामाने, लाइट जाऊनही यंत्रात टिकून राहिलेला, सकाळचा शिळा आकडा उचलला होता.

मी दुभाष्यात एक नवी आज्ञा घातली. ती दिसली की वरचं सगळं पुरं झाल्याशिवाय त्याने खालचं काही सुरू करायचं नाही. तिचं नाव मी ‘बसू’ ठेवलं. पुढे मी शिकवू लागलो तेव्हा विद्यार्थी अर्थ विचारायचे. मी म्हणायचो, असंच ठेवलंय.

मग एकदा मी मेडशीला गेलो. “जयभीम सायेब, या,” म्हणत त्यांनी खाट टाकली. चहा आला. त्यांनी माझ्या ग्लासावर तळहात धरला. नखांत शेतातली माती होती.

“त्या मशीनचं काय झालं? आता काटा पैले येते काय?”

“येतो. आधी काटा, मग दिवा.”

“मंग बरं झालं,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा उजळला. “मले वाटे, मायाच डोयाले भरम झाला का काय.”

तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. पत्ती हळूहळू खाली चालली होती. मी तिच्याकडेच बघत बसलो. पत्ती बसली, त्यांनी हात काढला, मी चहा प्यायलो. मेडशीच्या फाट्यापर्यंत ते पोचवायला आले आणि एसटी आली तेव्हा या खेपेला त्यांनीच मला पुढे ढकललं, “चढा सायेब, जागा भेटन.”

पुन्हा गेलो तेव्हा ते राहिले नव्हते. खाट भिंतीला उभी लावलेली होती. त्यांच्या बायकोने चहा दिला, गाळलेला.

एसटीत बसून जुळवलेलं वाक्य माझ्यापाशी तसंच राहिलं: दादा, घाई तुम्ही केली नव्हती. मी केली होती.