नगारा वाजेपर्यंत

खडकवाडीचा कानिफनाथ आठरे सतरा वर्षं दर कार्तिकात मेला. कापलेल्या बाजरीच्या रानात, भर दुपारी, चार गावांच्या देखत. मरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं लोक अजूनही कौतुकानं सांगतात. पण पहिल्या खेपेला, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, मरणं त्याला फार जड गेलं. ही हकीकत त्या पहिल्या खेपेची.

भातवडीपासून दोन कोसांवरच्या या वाडीत त्याची आठ एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, बायको राहीबाई आणि म्हातारी आई झुंबरबाई. माणूस कष्टाळू, पण बोलायला भारी कंजूष. दिवसभर त्याच्याबरोबर औत धरलेल्या माणसालाही संध्याकाळी सांगता येऊ नये, की आज कानिफनाथ काय बोलला. त्याच्या वाट्याचं बोलणं धाकटा भाऊ मच्छिंद्र बोलून टाकायचा. तो पलटणीत होता. रजेवर आला की ओसरीवर दहा माणसं जमायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, बंगालच्या बाजूला, तो लढाईत पडला. आधी तार आली. मग महिन्यानं पत्र्याची ट्रंक आली. देह आला नाही, त्याला तिकडंच अग्नी दिला होता. झुंबरबाईनं ट्रंक उघडली, कपडे बघितले, घडी मोडू न देता पुन्हा ठेवले. ती रडली नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, म्हातारीचं काळीज दगडाचं झालं. बायकांना दुसऱ्याच्या काळजाची पारख करायची भारी हौस असते.

पुढच्या उन्हाळ्यात बेलापूरचा शलमोन नावाचा जवान घर विचारत आला. मच्छिंद्रच्याच तुकडीतला. झुंबरबाईनं त्याला घोंगडी टाकून दिली, पाण्याचा तांब्या पुढं केला. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन आलेला माणूस, पण त्यानं तांब्या हातात धरला, पाण्याकडं बघत राहिला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाला, "नको, मावशी." मग कानिफनाथला घेऊन विहिरीकडं गेला.

विहिरीच्या काठावर बसून त्यानं सांगितलं ते असं.

"पहाटं गोळी लागली त्याला. आमाला पुढं जायाचा हुकूम हुता, मागं फिरता येईना. दिवस कलल्यावर आलो तवा जीव हुता अजून. धानाचं कापल्यालं रान, नुसती सडं, सावली म्हून न्हाई. पानी मागितलं त्यानं. माझी बाटली रिकामी हुती, दादा. दुसऱ्याकडं पळालो. आलो तवर गेल्ता."

शलमोन तसाच बांधावरून मोटारस्टँडकडं गेला. कानिफनाथ घरी आला तेव्हा आई चुलीपुढं होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कसा गेला म्हनं?"

"जागच्या जागी, आये. त्याला कळलं बी न्हाई."

"व्हय," ती म्हणाली आणि फुंकणी उचलली.

आईला दुःख नको म्हणून बोललेलं खोटं, त्याला कोण नावं ठेवील? पण ते कानिफनाथच्या पोटात खड्यासारखं राहिलं. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ आला, खडी फोडायची कामं निघाली, सगळी वाडी घमेली घेऊन रस्त्यावर गेली, मग पाऊस परतला. खडा जागचा हलला नाही. तांब्यातून पाणी पिताना त्याला दर वेळी शलमोनचं तोंड दिसायचं.

वाडीच्या शाळेवर विल्सन गुरुजी होते. घराणं नगरकडचं ख्रिस्ती, रविवारी चर्चला, बाकी सहा दिवस इतिहासाला वाहिलेले. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून जिकडंतिकडं मिरवणुका निघाल्या. गुरुजी नगरची एक बघून आले आणि पारावर येऊन चिडले.

"मावळ्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट! आणि आपण तरी काय करतोय? साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या उशाशी भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरानं तलाव फोडून मोगलांच्या आणि आदिलशहाच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरीफजी तिथंच पडले, समाधी आहे त्यांची. आणि तुम्ही तिथं शेरडं बांधता!"

शेरडं बांधणारे दोघं उठून गेले. बाकीच्यांनी ठरवलं की कार्तिकात लढाई करायची. नाटक नाही, तमाशा नाही, रानात उतरून लढाई. जशी झाली तशी.

कानिफनाथ पाराच्या कडेला बसला होता. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता शाळेत गेला. कामावरची बूड गेलेली घमेली त्याच्या गोठ्यात पडून होती. त्यानं त्यातल्या एकाला आतून चामड्याची कडी लावली, बाहेरून कातडं ताणून बसवलं, आणि ढाल करून गुरुजींच्या टेबलावर ठेवली. गुरुजींनी ती उलटीपालटी करून बघितली. "आठरे, मूठ मध्यावर हवी. मनगटावर वार आला तर हात जाईल." कानिफनाथनं रात्रीत मूठ हलवली. तिथून त्याला हौस लागली, ती लागलीच. राहीबाईचा भाऊ नागापूरच्या कारखान्यात होता, त्यानं पत्र्याच्या पट्ट्या आणल्या, त्यांच्या बोथट तलवारी झाल्या. सायकलवरून तो गुरुजींबरोबर भातवडीला गेला, तलावाचा बांध बघितला, समाधीपुढं बराच वेळ उभा राहिला. राहीबाई हसून म्हणायची, "आवं, बैलाला पेंड घालायची आठवन हाय का, का घोडदळ झालं त्याचं बी?" तीन वर्षांत नवऱ्याचं मन कशात तरी रमलेलं बघून तिला आतून बरंच वाटत होतं.

मोगल व्हायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. शहाजीराजे व्हायला मात्र निम्मी वाडी तयार होती. तो मान छगनला मिळाला, कारण घोडी त्याची होती. छगन टेरिलिनचा सदरा आणि मनगटी घड्याळ घालून तालमीला आला. "घड्याळात बघून लढणार का राजे?" म्हणून गुरुजींनी ते काढायला लावलं.

आणि पहिल्याच तालमीत मोठी पंचाईत झाली. दोन्हीकडून पस्तीस-चाळीस गडी अर्धा तास तुटून पडले, ढाली खणाणल्या, आरोळ्यांनी कावळे उडाले, आणि मेला कोणीच नाही. एकाला खरचटलंसुद्धा नाही. गुरुजी डोक्याला हात लावून बसले.

कारण असं, की मरणाऱ्या माणसाला आपल्याकडं भुईवर घेतात. धडधाकट माणसानं भर उजेडात, डोळे मिटून, उघड्या भुईवर आडवं पडायचं म्हणजे यमाला आवतण. छगनच्या बायकोनं, गोजरबाईनं, तर तालमीत येऊनच बजावलं, "लढायचं तेवढं लढा. पर माझा मानूस भुईला पाठ लावनार न्हाई." बाकीच्या घरांतूनही तोच हुकूम सुटला होता. शरीफजी व्हायला एकही पुढं येईना.

कानिफनाथ ढालींचा ढीग लावत होता. पाठमोराच म्हणाला, "मी पडतो, गुरुजी."

हे तो भक्तीनं बोलला नाही की शौर्यानं. त्याला बघायचं होतं. सडांवर आडवं पडल्यावर वर काय दिसतं, ऊन कसं लागतं, वेळ कसा जातो. आपला भाऊ ज्या जागी एकटा होता, तिथं थोडा वेळ तरी जाऊन यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याच्या आधारानं आणखी सहाजण पडायला कबूल झाले. गुरुजींनी नियम घातला: पडलेल्यानं नगारा वाजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही.

बातमी घरी त्याच्या आधी पोचली. झुंबरबाई दारातच उभी होती.

"एक पडलाय माझा. आता दुसरा हौसंनं पडतोय व्हय?"

"आये, खेळ हाय त्यो."

"मग लढायचं सोंग घे की. मरायचंच कशाला?"

खरं उत्तर द्यायचं तर विहिरीवरचं सगळं सांगावं लागलं असतं. झुंबरबाईनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकरी राहीबाई वाढायची, म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसायची.

लढाईला चार दिवस उरले आणि कानिफनाथ हरला. शाळेत जाऊन म्हणाला, "गुरुजी, माझ्याच्यानं व्हनार न्हाई. आई लई दुखावलीय."

गुरुजी रागावले नाहीत. "आईपुढं कोण मोठं? राहू द्या. आपण शरीफजी पडलेच नाहीत असं दाखवू. लोकांनाही तेच आवडेल."

कानिफनाथ शाळेच्या फाटकापर्यंत गेला आणि थांबला. कोणी पडलंच नाही, कोणाला काही कळलंच नाही, जागच्या जागी झालं. हे तर त्यानंच चुलीपुढं बसलेल्या आईला सांगितलं होतं. भाऊ पहाटेपासून दिवस कलेपर्यंत तडफडला, आणि तो सबंध दिवस आपण पुसून टाकला. त्याला स्वतःची लाज वाटली. तो मागं फिरला.

"पडतो म्हना, गुरुजी. पडायलाच पायजे."

कार्तिकातली ती दुपार चटका देणारी होती. चार गावांची माणसं बांधावर दाटली होती. पाटलांच्या विहिरीवरचं इंजिन सुरू झालं, पाटाचं पाणी मोगलांच्या छावणीत घुसलं, आणि चिठ्ठीनं मोगल झालेले बिचारे घोट्याएवढ्या चिखलात घसरून आपटले. लोक पोट धरून हसले. मग दोन्ही फौजा भिडल्या. ठरल्या जागी कानिफनाथनं छातीवर वार घेतला, गुडघ्यावर आला, आणि पाठीवर पडला.

लोक हसायचे थांबले. ढाल कडेला गडगडत गेली. बाजरीची सडं अंगरख्यातून पाठीत रुतली. वर नुसतं पांढरं ऊन. त्यानं डोळे मिटले तरी ते पापण्यांतून आत येत होतं. लढाई पुढं सरकली, पायांचे आवाज लांब गेले, आणि माणसांनी भरलेल्या त्या रानात तो अगदी एकटा उरला. घशाला कोरड पडली. अजून पावघडीसुद्धा झाली नव्हती. त्याच्या मनात आलं, हे पहाटेपासून!

मग तोंडावर सावली आली.

कोणीतरी बांधावरून ओरडलं, "म्हातारे, मागं फिर!" गुरुजींनी त्याला हातानं गप्प केलं. झुंबरबाई तलवारींच्या मधून, कुणाकडं न बघता, सरळ चालत आली होती. ती सडांवर बसली आणि त्याच्या तोंडावर ऊन येणार नाही असा पदर धरला. दुसऱ्या हातात तांब्या होता.

"किती येळ पडला हुता रं माझा मच्छिंदर?"

पडलेल्यानं बोलायचं नव्हतं. कानिफनाथच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळलं.

"पहाटंपासनं, आये. दिवस कलंपतूर."

"पानी?"

"न्हाई मिळालं."

पदर हलला नाही. लांबून आरोळ्या येत होत्या.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "त्यो बेलापूरचा पोरगा तांब्या न पेता खाली ठिवून गेला, तवाच समजलं मला. तू सांगशील म्हून वाट बघत हुते. अडीच वरीस झाली."

"चुकलो, आये."

तिनं तांब्या सडांत टेकवला, त्यात बोटं बुडवली आणि त्याच्या ओठांवर पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चूळभर. आपल्याकडं जाणाऱ्याच्या तोंडात घालतात तसं. ते पाणी कोणाचं होतं हे दोघांनाही कळत होतं. आणि तार आल्या दिवसापासून न रडलेली झुंबरबाई भर रानात, चार गावांदेखत, मच्छिंद्रचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. बांधावर बायकांनी तोंडाला पदर लावले. गोजरबाई हुंदके देत होती.

गुरुजींनी नगारा लगेच वाजवू दिला नाही. म्हातारीचं रडणं ओसरेपर्यंत ते टिपरू हातात धरून उभे राहिले. मग नगारा वाजला. चिखलातले, सडांतले मेलेले एकेक करून उठले, अंग झटकू लागले. कानिफनाथ तेवढा तसाच पडून होता.

झुंबरबाईनं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्याखाली हात घातला.

"ऊठ, बाबा," ती म्हणाली. "तुला उठता येतंय."