मोपेडवरून गेलेला नंदादीप

त्या दुपारी माझं देवाशी कडाक्याचं भांडण झालं, आणि देवाच्या वतीने माझे सासरे बोलत होते. बाहेर आमच्या तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या रस्त्यावर रिक्षाला भोंगा बांधून एक माणूस ओरडत फिरत होता, की आज रात्री वादळ येणार, कौलारू घरातल्यांनी अंधार पडायच्या आत शाळेत या. आमचं घर कौलारू, आणि मागच्या बाजूला देवघराच्या अगदी डोक्यावर नारळाची रांग. झाडं दुपारपासूनच अंगात आल्यासारखी घुमत होती. शेजारीपाजारी कोंबड्या, गाठोडी, टीव्ही, सगळं घेऊन गेले होते. आणि ऐंशी ओलांडलेले मामंजी घटासमोर पाटावर मांडी घालून सांगत होते, "मी येत नाही."

याला कारण खंडोबा. आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावूरला आले, ते तलवारी आणि कुळदैवत घेऊन. तलवारी कुठे गेल्या ठाऊक नाही, मराठीत निम्मं तमिळ मिसळलं, चंपाषष्ठीच्या वांग्याच्या भरिताचं चिंच घातलेलं तमिळ गोत्सु कधी झालं ते कुणाला कळलंही नाही. पण मार्गशीर्षातलं खंडोबाचं नवरात्र मात्र जसंच्या तसं राहिलं. घट बसला की षष्ठीपर्यंत नंदादीप विझू द्यायचा नाही, देव हलवायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही, दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. हे नियम करणारी माणसं जेजुरीकडच्या कोरड्या डोंगरांतली. आपली पतवंडं अशा मुलखात जाऊन राहतील जिथे मार्गशीर्ष म्हणजे वादळांचा हंगाम, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार!

माझे यजमान तंजावूरला ऑफिसात अडकलेले. बस बंद झाल्या होत्या. फोनवर एवढंच म्हणाले, "अप्पांना उचलून ने," आणि फोन मेला तो मेलाच. उचलून ने! जणू मामंजी म्हणजे प्रेशर कुकर.

"मामंजी, देव स्वतःला सांभाळेल की."

"देव सांभाळेल. पण दिवा देवाचा नव्हे, आपला. त्याचं आपणच पाहायचं."

"आणि छप्पर अंगावर आलं तर?"

"तू जा मुली. तरणी आहेस."

"पन्नाशी उलटली माझी!"

"म्हणजे तरणीच की."

मी शाळेत शिकवते, मुलांची नाटकं बसवते. तेव्हा शेवटी ठेवणीतलं अस्त्र काढलं. छातीला हात लावला, डोळे फिरवले आणि हुंदका देत भिंतीला टेकून खाली घसरले. मामंजींनी शांतपणे पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "गेल्या साली शाळेच्या नाटकात राणीचं काम याहून बरं केलं होतंस," म्हणाले.

मी हसले, आणि हसता हसता खरंच रडू फुटलं. माझ्याने त्यांना उचलणं होणार नव्हतं, आणि टाकून जाणं तर मुळीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्या वेड्यावाकड्या विनोदांना हसणारा हाच एक माणूस होता. माझी भक्ती म्हणाल तर तेल घालण्यापुरती. देव आहे की नाही, हा प्रश्न मी वाती वळता वळता पुष्कळदा मनात घोळवलेला आहे. पण त्या वेळी मी घटामागच्या चांदीच्या टाकाकडे पाहून मनातल्या मनात म्हटलं, बाबा, माझं डोकं संपलं, नाटकंही संपली. आता तुला काय करायचं ते कर. एवढं म्हणून पदर खोचला आणि मामंजींच्या शेजारी बसून राहिले. आश्चर्य म्हणजे, भीती होती तेवढीच होती, पण तिच्यातली धडपड गेली होती.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक माणूस उभा. पिवळाधमक रेनकोट, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत निथळणारा, हातात विझलेला कंदील. मागे मोपेड, आणि मोपेडच्या चाकाशी एक काळं कुत्रं, आमच्याकडे कामासाठी आल्यासारखं गंभीर.

"अम्मा, विस्तव मिळेल का?" तो तमिळमध्ये म्हणाला. "माझी काडेपेटी भिजली."

"अशा वाऱ्यात विस्तव मागत फिरताय? बिडी ओढायची तलफ आली की काय?"

"बिडी कुठली! शाळेतली वीज गेलीय. लेकरं अंधारात रडतायत."

आतून मामंजींचा आवाज आला, "कोण आहे ते? रिकामं पाठवू नको हां!"

दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, हाही त्या घटाचाच नियम. मामंजींनी स्वतः नंदादीपावर काडवात धरली, कंदील पेटवला, काच खाली केली आणि त्या माणसापुढे धरला. त्याने तो घेतलाच नाही.

"ताता, तुम्हीच धरा. मला दोन्ही हातांनी गाडी धरायचीय. तुमच्या देवाची ज्योत, माझ्या हातून विझली तर?"

मामंजींनी एकदा कंदिलाकडे पाहिलं, एकदा नंदादीपाकडे. तीच ज्योत इथेही, तिथेही. वारा कौलं खडखडवत होता. कुणी काही समजावलं नाही, कुणी शास्त्र सांगितलं नाही. मी तर श्वासही घेत नव्हते, कारण माझा एक चुकीचा शब्द आणि म्हातारा पुन्हा पाटावर बसला असता.

"मुली," ते म्हणाले, "माझं उपरणं दे. आणि दाराला नुसती कडी घाल. कुलूप नको."

मग आमची स्वारी निघाली. पुढे तो पिवळा माणूस, मध्ये कंदील पोटाशी धरून त्यावर उपरण्याचा आडोसा केलेले मामंजी, आणि मागे जेमतेम टेकलेली मी. घाईघाईत मी त्यांच्या गोळ्यांची डबी घेतली, तेलाची बाटली घेतली, आणि का कोण जाणे, मिक्सरचं भांडं घेतलं. वीज नसलेल्या गावात! कुत्रं सगळ्यांच्या पुढे, वाट दाखवत. कालव्याच्या पुलावर वाऱ्याने मोपेड आडवी व्हायला आली तेव्हा मी जोरात किंचाळले. मामंजी मागे न वळता म्हणाले, "ओरडू नको, ज्योत हलतेय."

शाळेत पोचलो तेव्हा खोलीभर काळोख होता. मामंजी आत शिरले आणि लेकरं एकदम गप्प झाली. मग ज्याच्या त्याच्या गाठोड्यातून मेणबत्त्या, पणत्या निघाल्या, आणि एकेक जण येऊन कंदिलावरून लावून नेऊ लागला. मामंजी तालेवार यजमानासारखे मध्ये बसून सांगत होते, "सावकाश, सावकाश, सगळ्यांना पुरेल." मी मागे वळले तर पिवळा रेनकोट नव्हता. आणखी कुणाला तरी आणायला गेला असेल, असं वाटलं. त्या रात्री वाऱ्याचा जो आवाज ऐकला तो मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी न ऐकलेलाच बरा.

सकाळी घरी आलो. नारळाची झाडं देवघरावर आडवी झाली होती. कौलं, वासे, सगळा ढीग, आणि मधला जाड वासा बरोबर मामंजींच्या पाटावर. पाटाचे तुकडे झाले होते. मी ते पाहिलं आणि अंगणातच मटकन बसले. या खेपेला नाटक नव्हतं. मामंजी फुटकी कौलं ओलांडत पुढे गेले. मग वाकून ढिगाऱ्यातून खंडोबाचा टाक काढला. तो मधोमध वाकला होता. धोतराने पुसून म्हणाले, "माझा वार यानं घेतला." आणि अजून पेटता असलेला कंदील माझ्याकडे देऊन म्हणाले, "स्वयंपाकघर शाबूत आहे. चल, तिथे दिवा लाव. षष्ठी अजून यायचीय."

दुपारी यजमान पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आले, वडिलांना बघून दारातच रडायला लागले. षष्ठीला भरीत केलं, चुलीवर, शेजाऱ्यांच्या वांग्यांचं. मिक्सरच्या भांड्याचा उपयोग शेवटी झाला, त्यात खोबरं वाढलं.

त्या माणसाचा मी खूप शोध घेतला. कंदील परत करायचा होता ना. कुणी म्हणालं वीज खात्याचा असेल, कुणी म्हणालं पट्टुक्कोट्टैकडचा दूधवाला. मामंजींना विचारलं तर ते नुसते हसतात. पिवळा रंग, पुढे धावणारं कुत्रं, म्हणतात, आता घोड्याला पेट्रोल लागतं एवढाच फरक. मी वाद घालत नाही. वीज खात्याचा असला तरी त्या घटकेला त्याला आमच्याच दारी काडेपेटी भिजवून कुणी आणलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हल्ली ते शोधावंसंही वाटत नाही.

लोक विचारतात, अशा जागी राहता कशाला? काय सांगायचं! कावेरीचं पाणी इथे येतं, आणि वादळही इथेच येतं. आम्ही देवघरावर पक्कं छत घातलं, नारळ घरापासून लांब लावले. आता ते माझ्या खांद्याला लागतात. आणि आमच्या कुळाचारात मामंजींनी एक नियम वाढवला. घट बसला की नंदादीपावरून तो कंदील लावून उंबऱ्याशी ठेवायचा, म्हणजे घर सोडून उठायची वेळ आली तर देवही आपल्याबरोबर उठेल. वाकलेला टाक मात्र सरळ केला नाही. करू देत नाहीत ते.

कंदिलात तेल घालायचं काम माझं. मामंजींची श्रद्धा अढळ, माझी अजूनही थोडी तिरकी. तरी दर वर्षी घट बसतो त्या दिवशी मी कंदिलाच्या शेजारी, कुणाला दिसणार नाही असा, बिस्किटांचा पुडा ठेवते. कुत्र्यासाठी.